सुपरहिरो सिनेमांचा कंटाळा नेमका कशाचा आलाय? साच्याचा की संख्येचा?

सुपरहिरोंच्या सिनेमांचा विषय निघाला की हल्ली दोन वाक्यं हमखास ऐकू येतात, एक म्हणजे "सगळे सारखेच असतात रे" आणि दुसरं "किती काढतात, डोकं उठलं". लोक ही दोन्ही वाक्यं एका दमात बोलतात म्हणून ती एकच तक्रार वाटते, पण ती एक नाहीये. पहिली तक्रार साच्याची आहे, दुसरी संख्येची. आणि माझं म्हणणं असं आहे की साचा तर पहिल्या दिवसापासून होता, तेव्हा तो कोणाला खुपला नाही, उलट लोकांनी डोक्यावर घेतला. खुपायला लागला तो संख्या वाढल्यावर आणि गोष्टी संपायच्या बंद झाल्यावर. हे कसं घडलं ते मार्व्हल या अमेरिकन कॉमिक्स आणि सिनेमा कंपनीच्या उदाहरणावरून बघू, कारण तिथे ते सगळ्यात स्वच्छ दिसतं.

थोडं मागे जावं लागेल. १९९६ साली मार्व्हल दिवाळखोरीत गेली होती. कॉमिक्सचा धंदा बसला होता, पैसा हवा होता, म्हणून त्या काळात आपल्या पात्रांचे सिनेमाचे हक्क त्यांनी वेगवेगळ्या स्टुडिओंना देऊन टाकले. स्पायडर-मॅन सोनीकडे गेला, एक्स-मेन आणि फॅन्टास्टिक फोर फॉक्सकडे. म्हणजे जी नावं पोराटोरांना माहीत होती ती हातातून गेली आणि उरली ती दुसऱ्या फळीतली पात्रं. २००५ मध्ये मार्व्हलने मेरिल लिंच या गुंतवणूक बँकेच्या मदतीने ५२.५ कोटी डॉलरचं कर्ज उभं केलं, स्वतःचे सिनेमे स्वतः काढायचे म्हणून, आणि तारण काय ठेवलं तर दहा पात्रांचे सिनेमाचे हक्क! सिनेमे आपटले असते तर हातात उरलेली पात्रंसुद्धा गेली असती. २००८ चा 'आयर्न मॅन' या परिस्थितीत बनला हे लक्षात ठेवलं की पुढचं बरंच काही कळतं.

त्या सिनेमाचं शूटिंग सुरू झालं तेव्हा पटकथा धड पूर्ण नव्हती. त्यात खलनायक झालेल्या जेफ ब्रिजेसने नंतर मुलाखतीत सांगितलंय की आम्ही रोज सेटवर बसून आज काय बोलायचं ते ठरवायचो. हिरो झालेल्या रॉबर्ट डाउनी ज्युनिअरची ती तोंडाळ, वाक्यावर वाक्य टाकत जाणारी स्टाइल त्यातून आली. एक नट, एक दिग्दर्शक आणि अर्धवट कागद, त्यातून जे जमून आलं ते पुढे अकरा वर्षं सगळ्यांसाठी नियम झालं, की हिरोने प्रत्येक गंभीर क्षणानंतर एक विनोद मारायचा. डाउनीच्या तोंडी ते शोभायचं कारण टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, हा माणूसच असा होता, भीती वाटली की बडबड करणारा. तीच बडबड नंतर थॉरच्या तोंडी आली, डॉक्टर स्ट्रेंजच्या आली, ज्याच्या स्वभावात ती नाही अशांच्याही तोंडी आली, आणि मग ती त्या माणसाची न वाटता कंपनीची वाटायला लागली.

साच्याचे बाकीचे भागही बघा. हिरोमध्ये एक खोट असते, तो गर्विष्ठ असतो किंवा बेजबाबदार असतो, त्याला ताकद मिळते, तो एकदा सपाटून हरतो, मग शहाणा होऊन परत येतो. खलनायक म्हणजे बहुतेक वेळा हिरोचीच उलटी आवृत्ती. आयर्न मॅनसमोर त्याच्यापेक्षा मोठा लोखंडी सूट, हल्कसमोर त्याच्यासारखाच राक्षस, अँट-मॅनसमोर छोटा होणारा दुसरा माणूस, ब्लॅक पँथरसमोर सोनेरी नक्षीचा दुसरा ब्लॅक पँथर. शेवटी आकाशातून काहीतरी पडतं किंवा आकाशाकडे एक उजेडाचा झोत जातो. तो झोत तर इतक्या ठिकाणी आहे की मोजायला बसलात तर पहिल्या 'अव्हेंजर्स'मध्ये आहे, डीसी या दुसऱ्या कॉमिक्स कंपनीच्या 'सुसाइड स्क्वॉड'मध्ये आहे, २०१५ च्या पडलेल्या 'फॅन्टास्टिक फोर'मध्येही आहे. आणि पाट्या संपल्यावर एक छोटा सीन, पुढच्या सिनेमाची चुणूक.

आता यात वाईट काय आहे? मला विचाराल तर काहीच नाही. आपल्याकडे तमाशाला बसणाऱ्या माणसाला आधी गण, मग गौळण, मग बतावणी, मग वग हा क्रम पाठच असायचा, गौळणीत मावशी येणार आणि पेंद्या वेडंवाकडं बोलणार हे माहीत असायचं, तरी माणूस रात्र रात्र बसायचा, कारण आज मावशी काय बोलते, सोंगाड्या आज कोणाची खेचतो हे माहीत नसायचं. क्रम ठरलेला असला की प्रेक्षकाचं लक्ष बारकाव्यांकडे जातं. साच्याचा खरा उपयोग हा असतो.

मार्व्हलने पहिली काही वर्षं हे फार हुशारीने वापरलं. २०१४ चा 'विंटर सोल्जर' घ्या, वरून कॅप्टन अमेरिकाचा सिनेमा पण आतून सत्तरच्या दशकातला सरकारी कटकारस्थानाचा थ्रिलर. २०१५ चा 'अँट-मॅन' म्हणजे सरळ चोरीचा सिनेमा, आणि त्याची शेवटची मारामारी कुठे होते तर लहान मुलीच्या खोलीत खेळण्यातल्या आगगाडीवर! कॅमेरा जवळ असतो तेव्हा ती गाडी प्रचंड धडधडत अंगावर येते, लांब गेला की खेळण्यातला एक डबा टप्पकन रुळावरून पडतो, बस. साचा म्हणत होता शेवटी मोठं युद्ध पाहिजे, त्यांनी युद्ध दिलं पण बोटाएवढं. आणि २०१६ च्या 'डॉक्टर स्ट्रेंज'मध्ये तर क्लायमॅक्सला हिरो मारामारी करतच नाही. तो खलनायकाला काळाच्या फेऱ्यात अडकवतो आणि स्वतः पुन्हा पुन्हा मरत राहतो, तो दैत्य वैतागून सौदा करेपर्यंत. जिंकायचं कसं, तर हरण्याची तयारी ठेवून. एका गर्विष्ठ सर्जनच्या गोष्टीला याहून चांगला शेवट मला तरी सुचत नाही.

आणि सगळे सिनेमे एकमेकांना जोडलेले असण्याचा फायदा काय असतो ते एका हातोड्यात बघता येतं. २०१५ च्या 'एज ऑफ अल्ट्रॉन'मध्ये पार्टीचा सीन आहे, थॉरचा हातोडा फक्त लायक माणसालाच उचलता येतो, तो सगळे उचलायचा प्रयत्न करतात, गंमत म्हणून. कोणालाच उचलत नाही. कॅप्टन अमेरिका हात लावतो तेव्हा तो किंचित, अगदी किंचित हलतो, आणि थॉरच्या चेहऱ्यावरचं हसू क्षणभर जातं. एवढंच, पुढे कोणी त्यावर बोलतही नाही. चार वर्षांनी 'एंडगेम'मध्ये तोच हातोडा कॅप्टनच्या हातात येतो आणि खाली पडलेला थॉर म्हणतो, मला माहीत होतं. ज्यांनी तो थिएटरमध्ये पाहिलाय त्यांना त्या क्षणी झालेला आवाज आठवत असेल, आपल्याकडे तर शिट्ट्यांनी पुढचे संवाद ऐकू आले नाहीत. तो आवाज त्या एका सीनचा नव्हता, लोकांनी अकरा वर्षं धीर धरला होता त्याचा तो परतावा होता. 'एंडगेम'ने जगभरात जवळपास २.८ अब्ज डॉलर कमावले, भारतात साडेतीनशे कोटी रुपयांच्या वर गेला.

मग बिघडलं कुठे?

आधी आकडे बघू. २००८ पासून २०१२ च्या पहिल्या 'अव्हेंजर्स'पर्यंत सिनेमे किती आले, तर सहा. 'आयर्न मॅन'पासून २०१९ पर्यंत अकरा वर्षांत तेवीस. आणि नंतर २०२१ आणि २०२२ या फक्त दोन वर्षांत सात सिनेमे आणि वर आठ मालिका! मालिका म्हणजे प्रत्येकी सहा ते नऊ भाग. म्हणजे पूर्वी वर्षाकाठी दोन-तीन वेळा थिएटरला गेलं की माणूस सगळ्या गोष्टीला धरून असायचा, आता त्याला वर्षातल्या बऱ्याचशा आठवड्यांत काहीतरी बघायला लागत होतं.

हे कोणाला गोष्ट सांगायची घाई झाली म्हणून झालं नाही. मार्व्हल २००९ मध्ये डिस्नीने जवळपास चार अब्ज डॉलरला घेतली होती, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये डिस्नीने स्वतःची स्ट्रीमिंग सेवा सुरू केली. सिनेमाचं तिकीट एकदा विकलं की व्यवहार संपतो, पण स्ट्रीमिंगचं गणित दर महिन्याचं असतं, माणसाने या महिन्यात पैसे भरले तसे पुढच्या महिन्यातही भरावेत म्हणून त्याच्यासमोर सतत काहीतरी नवीन ठेवावं लागतं. त्यात कोरोना आला, थिएटरं बंद, २०२० मध्ये मार्व्हलचा एकही सिनेमा आला नाही, आणि शेअर बाजार त्या काळात कंपनीची किंमत ग्राहक किती वाढले त्यावरून करत होता. तेव्हा ज्या नावाने लोक हमखास येतात ते नाव जेवढं ताणता येईल तेवढं ताणलं गेलं. डिस्नीचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनीच पुढे २०२३ मध्ये कबूल केलं की एवढ्या मालिका काढल्याने लक्ष विखुरलं.

संख्या वाढली की पहिली गोष्ट जाते ती हात फिरवायला मिळणारा वेळ. यासाठी हे सिनेमे बनतात कसे ते थोडं समजून घ्यावं लागेल. मोठ्या मारामाऱ्यांचे सीन दिग्दर्शक येण्याच्याही आधी कंप्युटरवर कच्च्या ॲनिमेशनमध्ये आखले जातात, कॅमेरा कुठे, स्फोट कुठे, कोण कुठून उडी मारणार, सगळं. अर्जेंटिनाच्या दिग्दर्शिका ल्युक्रेसिया मार्टेल यांना 'ब्लॅक विडो'साठी विचारणा झाली होती, त्यांनी नंतर सांगितलं की मला म्हणाले ॲक्शनची काळजी करू नका, ते आम्ही बघून घेऊ. त्यांना तर ॲक्शनही करायची होती. आता दिग्दर्शक बदलले तरी शेवटची वीस-तीस मिनिटं सारखी का वाटतात याचं उत्तर यात आहे. एकच विभाग सगळ्यांचा शेवट आखत असेल तर शेवट सारखे होणारच ना.

आणि जे लोक तो शेवट पडद्यावर उभा करतात त्यांची अवस्था आणखी वाईट. व्हीएफएक्सचं, म्हणजे कंप्युटरवर दृश्यं घडवण्याचं काम बहुतेक वेळा ठरलेल्या रकमेवर दिलं जातं, मग मध्येच पात्राचा पोशाख बदलला, शेवट बदलला, तरी रक्कम तीच आणि तारीखही तीच, फक्त रात्री जागणारी माणसं वाढतात. हे काम करणारी हजारो मुलंमुली भारतातही आहेत, मुंबईत आहेत, त्यामुळे हा विषय आपल्यापासून काही फार लांबचा नाही. पडद्यावर राखाडी, पुसट, घाईत केल्यासारखा दिसणारा सीन बघून आपण म्हणतो ग्राफिक्स फालतू आहे, पण ते फालतू करणारा कारागीर फालतू नसतो, त्याला वेळ दिलेला नसतो. सप्टेंबर २०२३ मध्ये मार्व्हलमध्येच व्हीएफएक्सचं काम करणाऱ्यांनी युनियन करण्याच्या बाजूने एकमताने मतदान केलं, एकही मत विरोधात नाही. यावरून काय ते समजा.

दुसरी गोष्ट म्हणजे अभ्यास. २०२३ चा 'द मार्व्हल्स' घ्या, त्यात तीन नायिका आहेत. एक २०१९ च्या 'कॅप्टन मार्व्हल'मधली, तिची ओळख सगळ्यांना. दुसरी 'वांडाव्हिजन' या मालिकेत मोठी झालेली, तिसरी 'मिस मार्व्हल' या मालिकेतली. ज्याने दोन्ही मालिका पाहिल्या नाहीत त्याने तिकीट का काढावं? पहिल्या 'कॅप्टन मार्व्हल'ने १.१ अब्ज डॉलरच्या वर कमावले होते, या सिनेमाने वीस कोटींच्या थोडे वर, म्हणजे पाचव्या हिश्श्याहूनही कमी, आणि खर्च पंचवीस कोटींच्या वर झालेला. मार्व्हलच्या या सगळ्या मालेत इतकी कमी कमाई तोवर कोणाचीच नव्हती. काहींनी लगेच बायकांचे सिनेमे चालत नाहीत असा निष्कर्ष काढला, जो मला अजिबात पटत नाही, कारण त्याच बाईचा आधीचा सिनेमा अब्जाच्या वर गेलाच होता की.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते, ती म्हणजे न पाळलेली वचनं. पाट्यांनंतरचा सीन म्हणजे प्रेक्षकाला दिलेला शब्द असतो. २०२१ च्या 'इटर्नल्स'नंतर गायक हॅरी स्टाइल्स आला, 'एंडगेम'मधला खलनायक थॅनॉस, त्याचा भाऊ म्हणून. २०२२ च्या 'डॉक्टर स्ट्रेंज'नंतर शार्लीझ थेरॉन आली, 'थॉर'नंतर हर्क्युलिस आला. थिएटरात टाळ्या पडल्या. आणि नंतर? वर्षं गेली, त्यांचं कोणी नाव काढलं नाही. हातोड्याचा शब्द चार वर्षांनी का होईना पाळला होता म्हणून लोक बसून राहायचे, आता लोक पाट्या सुरू झाल्या की उठून पार्किंगकडे जातात.

आणि त्याच्याच जोडीला मल्टिव्हर्स. अनेक विश्वं आहेत आणि प्रत्येकात आपलाच एक अवतार आहे, ही कल्पना ऐकायला भारी आहे, पण तिने मरणाची किंमत घालवली. थॉरचा भाऊ लोकी 'इन्फिनिटी वॉर'च्या पहिल्या काही मिनिटांत मेला, तीन वर्षांनी दुसऱ्या काळातला लोकी मालिका घेऊन आला. 'गार्डियन्स'मधली गमोरा मेली, दुसरी गमोरा आली. लोकीची ती मालिका मला स्वतःला आवडली, तो प्रश्न नाही, पण एकदा असं केलं की पुढच्या कुठल्याही मरणाला प्रेक्षक घाबरत नाही, आणि घाबरत नाही तर रडणार कशाला.

साचा आणि संख्या वेगळ्या आहेत हे म्हणायला माझ्याकडे पुरावा काय, तर २०२३ हे एकच साल. फेब्रुवारीत 'अँट-मॅन'चा तिसरा भाग आला, मे महिन्यात 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी'चा तिसरा. कंपनी तीच, साचा तोच, विनोद, अंतराळ, चमकणारे राक्षस, सगळं. अमेरिकेत सिनेमाची तब्येत दुसऱ्या शनिवार-रविवारी कळते, पहिल्या आठवड्यात पक्के चाहते येतात आणि दुसऱ्यात ते ज्यांना सांगतात ते येतात. 'अँट-मॅन'ची कमाई दुसऱ्या वीकेंडला जवळपास ७० टक्क्यांनी घसरली, 'गार्डियन्स'ची पन्नासच्याही आत. कारण 'अँट-मॅन'चा तो भाग पुढच्या सिनेमांच्या खलनायकाची ओळख करून देण्यासाठी काढला होता, आणि 'गार्डियन्स'मध्ये एका रॅकूनची गोष्ट होती, त्याला प्रयोगशाळेत कोणी कापलं, त्याचे पिंजऱ्यातले मित्र कसे मेले, आणि ती गोष्ट त्याच सिनेमात सुरू होऊन त्याच सिनेमात संपली. पुढचं-मागचं काही माहीत नसलेली माणसंसुद्धा डोळे पुसत बाहेर आली.

त्याच वर्षी डीसीचे चार सिनेमे आले, 'शझॅम', 'फ्लॅश', 'ब्लू बीटल' आणि 'अ‍ॅक्वामॅन'. चारही अपेक्षेच्या खूप खाली राहिले. पण जानेवारीतच जाहीर झालं होतं की दिग्दर्शक जेम्स गन आता सगळं नव्याने मांडणार, म्हणजे हे जग आता बंद होणार. जी गोष्ट पुढे जाणारच नाही असं कंपनी स्वतः सांगतेय त्या गोष्टीचं तिकीट कोण काढेल, इतकं ते साधं आहे.

साच्याचं काय करता येतं याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरणही नेमकं २०२३ चंच. 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स', जो भारतात दहा भाषांमध्ये आला आणि त्यात मराठीही होती. त्यात पवित्र प्रभाकर हा भारतातला स्पायडर-मॅन आहे, मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र केलेल्या मुंबॅटनमध्ये राहणारा. तो आवडला म्हणून हे सांगत नाहीये. त्या सिनेमाने साच्यालाच खलनायक केलंय! गोष्टीत असं आहे की प्रत्येक विश्वातल्या स्पायडर-मॅनच्या आयुष्यात काही दुःखं यायलाच हवीत, जवळचं माणूस जायलाच हवं, ओळखीचा एक पोलीस कॅप्टन मरायलाच हवा, नाहीतर विश्व कोसळेल. सिनेमाचा नायक, स्पायडर-मॅन झालेला मायल्स मुंबॅटनमध्ये इन्स्पेक्टर सिंगला वाचवतो आणि लगेच तिथे जमिनीला भगदाड पडायला लागतं. मग त्याला कळतं की आता कॅप्टन होणारा त्याचा स्वतःचा बापही असाच मरणार आहे. शेकडो स्पायडर-मॅन त्याला समजावतात की बाबा रे गोष्ट अशीच असते, आम्ही सगळ्यांनी हे सोसलंय, आणि तो पोरगा म्हणतो की नाही, माझी गोष्ट मी माझी करणार. वर्षानुवर्षं स्पायडर-मॅनचा तोच काका मरताना पाहिलेल्या प्रेक्षकाला हा संवाद कोणाला उद्देशून आहे ते बरोबर कळतं.

दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी २०१९ मध्ये म्हणाले होते की हा सिनेमाच नव्हे, ही थीम पार्क आहेत. स्पीलबर्ग त्याआधी २०१५ मध्ये म्हणाले की हे सिनेमेही एक दिवस वेस्टर्नच्या वाटेने जातील. मला दुसरं म्हणणं जास्त उपयोगाचं वाटतं. वेस्टर्न म्हणजे घोडे, पिस्तुलं, धुळीचं गाव आणि एकटा शेरिफ, पक्का साचा, आणि तो काही दशकं जोरात चालला. पन्नासच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेच्या टीव्हीवर संध्याकाळच्या मुख्य वेळेत पंचवीसच्या आसपास वेस्टर्न मालिका एकाच वेळी चालू होत्या. घरात फुकट तेच दिसायला लागल्यावर थिएटरात पैसे मोजून बघायचं त्याचं अप्रूप गेलं. ते मेले नाहीत, पुढे अधूनमधून उत्तम वेस्टर्न येत राहिले, पण सण म्हणून जायचा तो काळ संपला. मार्व्हलनेही साठ वर्षांनी नेमकं तेच केलं, स्वतःच्या हाताने स्वतःला घराघरात नेऊन ठेवलं.

यावर कोणी म्हणेल मग २०२४ चा 'डेडपूल अँड वुल्व्हरिन' १.३ अब्ज डॉलर कसा कमावून गेला. बरोबर आहे, गेला. पण तो गेला तो ह्यू जॅकमनच्या जिवावर, ज्याला लोक २००० सालापासून वुल्व्हरिन म्हणून ओळखतात. ती पुंजी जुनी आहे. त्याच वर्षी सोनीचे 'मॅडम वेब' आणि 'क्रेव्हन' आले आणि ज्यांची कोणाशी ओळखच नाही त्यांना कोणी विचारलं नाही.

मे २०२४ मध्ये आयगर यांनी सांगितलं की आता वर्षाला दोन, फार तर तीन सिनेमे आणि दोनच्या आसपास मालिका. निर्णय योग्यच आहे, पण त्याचा परिणाम लगेच दिसत नाही. २०२५ चा 'थंडरबोल्ट्स' बघा. नैराश्यावरचा सिनेमा आहे तो, शेवटची लढाई शहर पाडून नाही तर एका माणसाच्या डोक्यातल्या काळ्या आठवणींच्या खोल्यांमध्ये होते आणि ती जिंकली जाते मिठी मारून. समीक्षकांना आवडला, ज्यांनी पाहिला त्यांनाही आवडला. तरी जगभरात चाळीस कोटी डॉलरच्याही आत राहिला, कारण त्यातली पात्रं पुन्हा इकडच्या मालिकेतली आणि तिकडच्या सिनेमातली होती, आणि ज्या माणसाने २०२२-२३ मध्ये कंटाळून नाद सोडलाय तो एका चांगल्या सिनेमाने परत येत नाही.

त्याला परत आणायला आता डाउनीला बोलावलंय. डिसेंबर २०२६ साठी जाहीर झालेल्या 'अव्हेंजर्स: डूम्सडे'मध्ये तो डॉक्टर डूम आहे, म्हणजे खलनायक. मी जाणार, पहिल्याच दिवशी जाणार, खोटं कशाला बोलू, या लोकांवर माझा जीव आहे. पण त्याच डाउनीच्या टोनी स्टार्कला 'एंडगेम'मध्ये निरोप देताना थिएटरात माणसं हुंदके देत होती, आणि तो निरोप खरा होता म्हणूनच ते रडणं खरं होतं. डूमचा मुखवटा निघाला आणि आत टोनीच निघाला, दुसऱ्या कुठल्यातरी विश्वातला, तर तो निरोपसुद्धा परत घेतला असं होईल. डूम हा पूर्ण वेगळा माणूस निघावा, नाव वेगळं, दुःख वेगळं, आणि त्याची गोष्ट त्याच्याबरोबर संपावी, एवढीच माझी अपेक्षा आहे.